फी घेण्याआधी मुलाला एक शॉट करू द्या

महाराष्ट्रातल्या ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स शिकवणाऱ्या खासगी संस्थांचे संचालक, केंद्रचालक आणि समुपदेशक यांना,

स.न.वि.वि.

मी गोरेगावच्या एका स्टुडिओत कंपोझिटिंग सुपरवायझर आहे, म्हणजे वेगवेगळ्या चित्रांचे थर एका फ्रेममध्ये बेमालूम जोडण्याचं काम बघते. २००८ साली बारावी झाल्यावर पुण्यात तुमच्यासारख्याच एका संस्थेत शिकले. वडील कराड डेपोत मेकॅनिक होते. एसटीच्या सोसायटीतून कर्ज काढून त्यांनी माझी फी भरली. तिथल्या एका सरांनी अल्फा चॅनल (चित्राचा कुठला भाग किती पारदर्शक हे सांगणारा थर) म्हणजे काय हे मला रांगोळीच्या जाळीवरून समजावलं होतं. जाळीला भोक आहे तिथून रांगोळी खाली पडते, नाही तिथे अडते, आणि अर्धवट बुजलेल्या भोकातून थोडी थोडी झिरपते. माणसाच्या केसांची कड म्हणजे ती अर्धवट बुजलेली भोकं. नवीन मुलांना मी आजही हेच उदाहरण देते. त्या सरांचे उपकार विसरलेले नाही, म्हणून हे पत्र तुमच्या वाईटावर टपलेल्या कुणाचं आहे असं समजू नका. पण गेल्या काही वर्षांत तुमच्याकडून बाहेर पडणारी मुलं बघून जीव तुटतो, आणि आता बोलल्यावाचून राहवत नाही.

आमच्याकडे ज्युनिअर भरती निघाली की शोरील्सचा, म्हणजे मुलांनी केलेल्या शॉट्सच्या नमुना-व्हिडिओंचा, ढीग येतो. मागच्या खेपेला एका दुपारी मी चाळीसेक रील्स पाहिली. त्यांतल्या ११ रील्समध्ये तोच यंत्रमानव त्याच पार्किंगमधून चालत आला. मुलं तीन वेगवेगळ्या शहरांतली. मॉडेल एकच, प्लेट (कॅमेऱ्याने घेतलेलं मूळ चित्रण) एकच, शेवटी कॅमेऱ्याला बसणारा हिसकाही एकच. आणि चूकसुद्धा एकच. दिव्याच्या खांबाची सावली उजवीकडे पडलेली, यंत्रमानवाची डावीकडे. प्लेटमधला सगळ्यात गडद काळा रंग किंचित निळसर, धुरकट होता. यंत्रमानवाच्या काखेतला काळा मात्र डांबरासारखा ठार काळा. प्लेटला ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा होता, यंत्रमानव धुतल्यासारखा गुळगुळीत. शिकाऊ मुलांना हे दिसलं नाही, हे मी समजू शकते. ते शिकवणाऱ्यालाही दिसलं नाही? की दिसलं, आणि बॅच संपवायची घाई होती?

त्या ११ जणांतल्या एकाला मी तरीही बोलावलं, कारण अर्जात त्याने आपणहून लिहिलं होतं की या शॉटचं लायटिंग माझं नाही, संस्थेतून तयार मिळालं. लातूरकडचा मुलगा. खालच्या मीटिंग रूममध्ये आम्ही बसलो. "मग यात तुझं काय आहे?" विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ट्रॅक माझा आहे. बाकी सगळ्यांचं सारखंच आहे." ट्रॅक म्हणजे कॅमेऱ्याच्या हालचालीशी यंत्रमानवाची जागा जुळवणं. आणखी काही केलंयस का, विचारलं. तो घुटमळला, मग फोन काढून एक शॉट दाखवला. गावचा आठवडी बाजार, मोबाइलवर हातात धरून घेतलेला, ११२ फ्रेम्स. "यात काय केलंस?" "मधला विजेचा खांब काढलाय." मी फोन हातात घेऊन चार वेळा पाहिलं. खांबाच्या मागे बांगडीवाल्याची ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती. म्हणजे खांबाने झाकलेला ताडपत्रीचा तुकडा त्याला नव्याने तयार करून तिच्या लयीत हलवावा लागला होता. शॉटच्या मध्यावर ढग येऊन ऊन उतरतं. त्याने लावलेला तुकडाही तितकाच, त्याच फ्रेमपासून मंदावत होता. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने नुसतं बघून बघून जुळवलं होतं, १९ रात्री लागल्या म्हणाला.

"हा शॉट रीलमध्ये का नाही टाकलास?"

"सर म्हणाले, यात काहीच दिसत नाही."

खांब दिसत नव्हता, हेच तर काम होतं! पेंट-क्लीनअपचं काम उत्तम झालं की बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. हे ज्या संस्थेत कळत नाही, तिथे दीड वर्ष तो मुलगा फी भरून बसला होता. त्याला मी घेतलं. मग कळलं, फीसाठी त्याच्या नावावर २,८०,००० रुपयांचं कर्ज आहे. ते संस्थेच्याच ऑफिसात, संस्थेनेच बोलावलेल्या फायनान्स कंपनीच्या माणसाने सही घेऊन केलेलं. हातात येणारा पगार १८,०००, हप्ता नऊ हजारांच्या वर, मालवणीत चौघांत एक खोली. वडिलांना वाटत होतं की पोरगं लागलीच पन्नास हजार कमावणार, कारण प्रवेशाच्या वेळी त्यांना तसंच सांगितलं होतं.

समुपदेशकांनो, तुम्हाला महिन्याचं टार्गेट असतं हे मला ठाऊक आहे. तुमच्यातल्या कित्येकांनी आयुष्यात एकही शॉट केलेला नसतो, त्यामुळे समोरच्याला फसवतोय हेही तुमच्या लक्षात येत नसेल. म्हणून आमच्याकडे नवख्या माणसाचा दिवस कसा जातो ते सांगते.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम्स. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६. समजा, एक बाई धावत येतेय आणि तिच्या मागचं शहर बदलायचंय. तर त्या ९६ फ्रेम्समध्ये त्या बाईची कड हाताने कोरून वेगळी करायची, याला रोटो म्हणतात. कोपर वाकतो तिथे वेगळा शेप, मनगटाला वेगळा, दिसणाऱ्या प्रत्येक बोटाला वेगळा. अख्खा माणूस एका शेपमध्ये कोंबला की कड उकळत्या दुधासारखी थरथरते आणि शॉट परत येतो. परदेशातल्या सिनेमांचं जे काम भारतात येतं, त्यात असं रोटो, पेंट (खांबासारखी नको ती वस्तू पुसणं) आणि मॅचमूव्ह (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवणं) यांचा वाटा मोठा आहे, आणि नवीन मुलगा बहुतेक याच तीन दारांतून आत येतो. ड्रॅगन आणि स्फोट त्याच्या वाट्याला यायला वर्षं जातात. क्लायंट लंडन किंवा व्हँकुव्हरला असेल तर नोट्स आपल्या संध्याकाळी नाहीतर रात्री येतात. डिलिव्हरीच्या आठवड्यात घरी जायची वेळ ठरलेली नसते. मुलींच्या आईवडिलांना तर हे आधी आणि स्पष्ट सांगाच. रात्री परतायची सोय काय, गाडी मिळते का, हे त्यांनी प्रत्येक स्टुडिओला विचारायला हवं, आणि विचारायचं असतं हे त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

हे काम मला मनापासून आवडतं. रोटोच्या काळात मी माणसं चालताना खांदा आधी वळतो की कंबर, हे रस्त्याने बघत जायचे. आवडणाऱ्याला यात समाधी लागते. न आवडणाऱ्याला मात्र तिसऱ्या दिवशी ही शिक्षा वाटते. आपण यातले कोण, हे मुलाला फी भरण्याआधी कळायला हवं आणि ते कळायला एक दिवस पुरतो. तुम्ही त्याला तो एक दिवस देत नाही. तुम्ही त्याला पोस्टर दाखवता.

धंद्याची अस्थिरताही लपवू नका. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक मे महिन्यात आणि कलाकार जुलैत संपावर गेले. चित्रीकरणंच थांबली, आणि त्याचा फटका इथे मालाड-गोरेगावात बसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलरसारखा व्हीएफएक्समधला जुना समूह कोसळला तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतल्या सुमारे ३,००० लोकांच्या नोकऱ्यांवर गदा आली. त्यात दहा-दहा वर्षं अनुभव असलेले माझे मित्र होते. त्याच महिन्यात माझ्या चुलतभावाच्या मुलाला एका केंद्रातून फोन आला होता की या क्षेत्रात मंदी नावाचा प्रकारच नाही.

आणि यंत्र शिकतंय, तेही सांगा. न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून कॉपीकॅट नावाचा नोड, म्हणजे एक साधन आहे. मोजक्या फ्रेम्स हाताने करून दाखवल्या की तो उरलेल्यांचा अंदाज घेतो. माझ्या विभागात आता साध्या शॉटचा पहिला मास्क, म्हणजे कोरून वेगळा केलेला आकार, बऱ्याचदा असाच येतो. तो जिथे चुकतो, म्हणजे केस, मोशन ब्लर, हातावरून हात गेला ती जागा, तिथे माणूस लागतो. पण तो माणूस चूक ओळखणारा हवा. नुसती बटणं दाबता येणाऱ्याची खुर्ची सगळ्यात आधी जाणार आहे, आणि तुमचे बहुतेक कोर्स अजून बटणंच शिकवतात.

वर्षभरात ११-१२ सॉफ्टवेअर्स असलेली माहितीपत्रकं मी पाहिली आहेत. माया, झेडब्रश, सबस्टन्स, हुडिनी, न्यूक, आफ्टर इफेक्ट्स, अनरियल, सगळं. एकेकाला महिना. महिन्याभरात हुडिनी? त्यातून धूर कसा काढायचा एवढं फार तर पाठ होईल, धूर तसा का वळतो हे नाही कळणार. शिवाय सॉफ्टवेअरसाठी फी घ्यायचे दिवस गेले. ब्लेंडर पूर्ण मोफत आहे. हुडिनीची अप्रेंटिस आणि न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती शिकण्यासाठी फुकट मिळते, माया विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन येतं. बटणं कुठे आहेत हे सांगणारे व्हिडिओ तर ढिगाने आहेत. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या मुलाला जे फुकट मिळत नाही ते एकच: त्याचं काम मोठ्या पडद्यावर लावून, फ्रेम थांबवून, "ही कड बघ, इथे मागच्या पडद्याचा हिरवा का उतरलाय?" असं विचारणारं अनुभवी माणूस. आम्ही याला डेलीज म्हणतो, रोज सकाळी करतो. तुमच्या किती केंद्रांत आठवड्यातून एकदा तरी डेलीज होतात? फी त्याची घ्या. त्याची मागाल तेवढी द्यावी असं मी स्वतः पालकांना सांगेन.

नजर तयार करायला महागडी मशीन लागत नाही. आपल्याकडे शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली हजारो मुलं आहेत. टेबलावर तांब्या, कांदा आणि घडी मोडलेलं कापड ठेवून ज्यांनी स्थिरचित्र काढलं आहे, त्यांना उजेड कुठून येतो, सावलीची कड जवळ धारदार आणि लांब मऊ का होते, हे हाताने माहीत असतं. तुमच्याकडे आल्यावर त्याचा पहिल्या दिवसापासून विसर पडतो, कारण वेळापत्रकात पेन्सिलला तास नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट पडद्यावर आणण्याआधी कुंडीत वाटाणा पेरला होता. समोर कॅमेरा एकाच जागी रोवून महिनाभराहून अधिक काळ ते त्या रोपाचं थोडं थोडं चित्रण करत राहिले, आणि पडद्यावर रोप झरझर वाढताना लोकांनी पाहिलं. एक वाटाणा, एक कुंडी, एक न हलणारा कॅमेरा. आज प्रत्येक मुलाच्या खिशात फोन आहे. पहिल्या महिन्याचा गृहपाठ म्हणून हाच द्या ना! रोज उजेड बदलतो, फ्रेम किंचित सरकते, चित्र लुकलुकतं. स्टॅबिलायझेशन आणि ग्रेडिंग त्यांना स्वतःच्या वाटाण्यावर शिकवा. त्या वाटाण्याचा शॉट जगात दुसऱ्या कुणाच्या रीलमध्ये असणार नाही.

भाषेचंही बोलते, कारण मी त्यातून गेले आहे. कराडच्या मराठी शाळेतून आलेल्या मला पहिल्या दोन महिन्यांत स्लाइडवरचं इंग्रजी उतरवून घेण्यापलीकडे काही जमलं नव्हतं. मुलांना मराठीतून शिकवा, बिनधास्त. पण क्लायंटच्या नोट्स इंग्रजीत येणार, तर त्यांचे ठरावीक शब्द वेगळे घोटून घ्या. 'एज क्रंची आहे', 'ब्लॅक्स लिफ्टेड आहेत', 'एलिमेंट फ्लोट होतोय', 'पॅच चॅटर होतोय', असे तीसेक शब्द आले की मुलगा पहिल्या वर्षी तरतो. आमच्या फ्लोअरवर मी हुशार पोरांना 'फ्लोट' म्हणजे काय हे विचारायची लाज वाटून रात्रभर भलतंच काही दुरुस्त करत बसलेलं पाहिलंय. पाय जमिनीला टेकल्यासारखे दिसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आता शिक्षकांविषयी. गेल्या वर्षी ज्याला नोकरी मिळाली नाही, तोच यंदा तुमच्याकडे शिकवायला उभा असतो, आठ-दहा हजारांवर. त्या मुलाचा यात काही दोष नाही. पण ज्याने एकही शॉट क्लायंटकडून मंजूर करून घेतलेला नाही, तो पार्किंगमधल्या सावलीची चूक कशी पकडणार? त्याला वर्षातून दोन महिने एखाद्या स्टुडिओत पाठवा, पगार चालू ठेवून. असं कुणी विचारलं तर आमच्यासारखे विभाग नाही म्हणणार नाहीत, निदान मी तरी भांडून जागा काढेन. आणि नोकऱ्या गेल्याच्या काळात घरी बसलेले किती तरी अनुभवी कलाकार सांगली, नाशिक, नागपूरला परत गेले आहेत. त्यांना बोलवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी येतील.

'शंभर टक्के प्लेसमेंट' ही पाटी मात्र कृपा करून उतरवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देऊ नये, आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या यशानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय छापू नये, असं त्यांत आहे. त्यातली 'कोचिंग'ची व्याख्या खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रमांना वगळते. आपलं क्षेत्र सर्जनशील आहे असं म्हणून तुमच्यातल्या कुणाला त्या फटीतून निसटताही येईल. पण प्राधिकरणापुढे तुम्ही कोण ठरता याच्याशी उदगीरच्या एखाद्या शेतकऱ्याला काय देणं-घेणं? त्याने पाटी वाचली आणि सही केली. तुम्ही नियमाबाहेर असलात तरी ही तत्त्वं आपणहून पाळा. भिंतीवर गेल्या बॅचची खरी यादी लावा: किती मुलं आली, किती मध्येच गेली, किती जण आज खरोखर शॉटवर काम करतात, किती जण कॉल सेंटरला किंवा लग्नाचे व्हिडिओ कापायला गेले. लग्नाचे व्हिडिओ करणं कमीपणाचं नाही, पण तेही तुम्ही 'मीडिया इंडस्ट्रीत प्लेसमेंट' म्हणून मोजता, हे मला माहीत आहे.

फी टप्प्याटप्प्याने घ्या. मूल तिसऱ्या महिन्यात सोडून गेलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्या. कर्जाची सही तुमच्या ऑफिसात, प्रवेशाच्याच दिवशी घेऊ नका; कागद घरी नेऊ द्या, कुणाला तरी वाचून दाखवू द्या. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी 'करिअर' हा शब्द उच्चारलाय, तिथे तो कागद चार दिवस कपाटावर पडून राहिला तरी बिघडत नाही.

हे सगळं आत्ताच लिहिण्याला कारण आहे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी कृतिदल जाहीर झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने ३,२६८ कोटी रुपयांच्या आराखड्यासह याच क्षेत्रांचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज मुंबईत उभी राहिली आहे. म्हणजे पैसा येणार, जाहिराती वाढणार, तालुक्या-तालुक्याला नवी केंद्रं निघणार. त्या केंद्रांत बसणारी मुलं तीच असणार आहेत, ज्यांना मुंबईच्या मोठ्या संस्थेत यायला परवडत नाही. सरकारी संस्था सगळ्यांना पुरणार नाही. खरा भार तुमच्यावरच पडणार आहे, आणि म्हणून हे पत्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिलं.

क्लायंटच्या प्लेट्स मला बाहेर देता येत नाहीत, करारात बांधलेलो असतो. म्हणून गेल्या दिवाळीत कराडला गेले असताना मी स्वतःच एक शॉट घेतला. आई अंगणातून तुळशीकडे जाते, हातात निरांजन, सकाळचं तिरपं ऊन, पांढऱ्या केसांच्या दोन बटा उडतात, वाटेत दोरीवर वाळत घातलेल्या साडीमागून ती क्षणभर जाते आणि पुन्हा पुढे येते. ९६ फ्रेम्स. आईची परवानगी आहे. सोबत मराठीत दोन पानांची सूचना लिहिली आहे: फुकटच्या सॉफ्टवेअरवर काय उघडायचं, पहिला शेप कुठे ठेवायचा. दहावी-बारावीचा निकाल लागला की तुमच्याकडे चौकशीला येणाऱ्या प्रत्येक मुलाला, फीचं पत्रक हातात देण्याआधी, एक दिवस एका मशीनवर बसवा आणि हा शॉट द्या. त्याला ९६ च्या ९६ जमणार नाहीत, बाराच होतील. संध्याकाळी त्याला एवढंच विचारा की उद्या उरलेल्या करायला येशील का?

ज्या संस्थेला हवा असेल तिला शॉट आणि सूचना दोन्ही विनामूल्य पाठवते. मुलांनी केलेलं काम परत पाठवलंत तर रविवारी बसून प्रत्येकाला नोट्स लिहीन, मराठीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तुमच्यातल्याच एका संस्थेची जुनी विद्यार्थिनी
गोरेगाव, मुंबई